नवव्या कार्डावरचं धुकं

परिपत्रक, सर्व सभासदांसाठी
४ मार्च

जुनी कार्डं जमवणाऱ्या माझ्या मित्रांनो,

आपण सगळे फसवले गेलो आहोत, आणि तेही हौसेनं. च्युइंग गमच्या पुडीतून निघालेली, खिशात चुरगळलेली, वह्यांत दाबून ठेवलेली ही तळहाताएवढी चित्रं आपण कशासाठी जमवतो? ती नवी दिसावीत म्हणून? नवीच हवी असतील तर कोणताही छापखाना उद्या सकाळी गठ्ठा काढून देईल. आपण ती जमवतो, कारण ती एका काळातून निघून आपल्यापर्यंत चालत आली आहेत. त्यांच्या अंगावरची धूळ ही त्या वाटचालीची साक्ष आहे.

आणि आपल्या बाजारात एक गृहस्थ बसले आहेत, ज्यांना आपण प्रेमानं इस्त्रीवाला म्हणतो. ते कार्डाची घडी वाफेनं काढतात, पिवळेपणा औषधानं घालवतात, कड झिजली असेल तर पातं लावून नवी कड कापतात. वर विचारतात, "साफ केलं तर बिघडलं कुठं?" बिघडलं ते इथं, की आपण साक्षीदाराची जीभ धुऊन त्याला कोर्टात उभं करतो आहोत.

म्हणून जूनच्या पहिल्या रविवारी, प्रदर्शनाच्या सकाळी, वार्षिक सभेत मी ठराव मांडणार आहे: पुसलेलं, धुतलेलं, घासलेलं प्रत्येक कार्ड फेरफार केलेलं मानावं, त्याच्या पाठीवर लाल शिक्का मारावा, आणि ते आपल्या भिंतीवर लागू नये. अपवाद नाही. अपवादाच्या फटीतूनच इस्त्रीवाला आत येतो.

आपला,
अध्यक्ष

(खाली हातानं लिहिलेलं)

ठमे, ही प्रत तुला मुद्दाम. दीपस्तंभ मालेतली माझी तेवीस कार्डं आणि तुझ्या आईचं नववं, ही चोवीस आजवर एका भिंतीवर कधी लागली नाहीत. ताई नववं सोडेना, मी तेवीस सोडेना. भावंडांचा हट्ट. आता ती नाही, तर निदान हट्ट तरी सोडू. जूनला येताना नववं घेऊन ये.

मामा

---

११ मार्च

ती. मामांस सा. न.

परिपत्रक वाचलं. दोन रिकाम्या खुर्च्या समोर दिसल्या तरी तुमचं भाषण सुरू होतं असं आई म्हणायची, आता खुर्च्यांचीही गरज उरली नाही असं दिसतं.

पण मामा, माझं पोट पुसण्यावर चालतं. नकाशाघराच्या मागच्या खोलीत बसून मी दिवसभर जुने नकाशे साफ करते. मऊ ब्रश, रबराची पूड, टिपकागद, आणि डोळ्याला लावलेलं भिंग. परवा एका नकाशावरची काजळी काढली तर खाली एक अख्खी नदी निघाली. आमचे साहेब खुर्ची ओढून तासभर नुसते बघत बसले. आता तुमच्या हिशेबानं मी त्या नकाशात फेरफार केला. मग आधी काजळीनं केला तो काय होता?

आणि काही बारीक शंका. कार्डावर धूळ बसली आणि मी फुंकर मारली, तर शिक्का? पंखा लावला तर? तुम्ही शिंकलात तर अध्यक्ष म्हणून स्वतःला शिक्का मारणार का?

आणखी एक. समजा, माझ्या एका मैत्रिणीकडे जुनं कार्ड आहे. समजा, त्याच्यावर असं काही बसलं आहे जे छापलेलं नाही, नंतर आलेलं आहे. ते तिनं औषध न लावता, पाणी न लावता, नुसतं हलक्या हातानं काढलं. तर?

तुमची,
ठमी

---

१८ मार्च

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

फुंकरीची थट्टा करू नकोस. समितीची एक अख्खी संध्याकाळ फुंकरीवर गेली आहे. समितीतले आपले चष्मेवाले म्हणाले, फुंकरीत ओलावा असतो. मी म्हटलं, मग श्वासही बंद ठेवा. शेवटी फुंकर माफ केली, शिंक पुढच्या बैठकीवर ढकलली.

नकाशा आणि कार्ड यांत फरक आहे, बाळ. नकाशा वाचण्यासाठी असतो. नदी दिसली नाही तर माणूस बुडेल. कार्ड कशाच्याच कामाचं नसतं, आणि म्हणूनच ते खोटं बोलू शकत नाही. जी वस्तू निरुपयोगी आहे ती निदान खरी तरी असली पाहिजे. हे मी चाळीस वर्षं मुद्रितं तपासून शिकलो. लेखक मेला असेल तर त्याचा स्वल्पविरामसुद्धा आपण हलवायचा नाही.

आपलं नववंच बघ. उत्तरेचा दिवा. समोर राखाडी धुकं आणि त्यात जेमतेम दिसणारा मनोरा. पाठीवर काय छापलंय? "निरभ्र रात्री येथील तारे समुद्रात सांडल्यासारखे दिसतात." समोर धुकं, मागं तारे. छापखान्यात दुसऱ्याच कार्डाचा मजकूर नवव्याच्या पाठीवर गेला, हे पहिल्यांदा कोणी दाखवून दिलं? मी. सोळा पानी लेख लिहिला. तेव्हापासून जगात जी काही मोजकी नववी उरलीत त्यांना सगळे संग्राहक "चुकीच्या पाठीचं कार्ड" म्हणतात, आणि ज्याचं धुकं जितकं सलग तितकं ते मोलाचं. ती चूक आहे, पण मूळची चूक आहे. ती सुधारायचा अधिकार कोणालाच नाही.

तुझ्या मैत्रिणीला सांग, नंतर आलेलं काय आणि आधीचं काय, हे ठरवणारी ती कोण? हलक्या हातानं केलेलाही फेरफारच.

आणि मला एक सांग. तुझ्या पत्रात एवढे "समजा" कुठून आले? तू समजा म्हणणारी मुलगी नव्हेस.

तुझा,
मामा

---

२ एप्रिल

ती. मामांस सा. न.

मैत्रीण नाही. मीच. आणि कार्ड आईचं, नववंच.

आता पत्र फाडू नका, शेवटपर्यंत वाचा. मग फाडा.

आईच्या शिवणाच्या डब्यातून ते काढलं तेव्हा फक्त नीट पाकिटात घालावं एवढंच मनात होतं. सवयीनं भिंगाखाली धरलं. धुक्याला ठिपके नव्हते, मामा. छापलेल्या रंगाला भिंगाखाली ठिपके दिसतात. मनोऱ्याला होते, समुद्राला होते, धुक्याला नव्हते. धुकं कागदात नव्हतं, कागदावर होतं. एका कडेला नखाएवढा पापुद्रा सुटला होता.

ते मेण आहे. पुडीच्या कागदाचं मेण. पुडीतल्या कार्डांच्या गठ्ठ्यात हे कार्ड नेहमी पुडीच्या तोंडाशी पडत असावं, आणि पुडी गरम दाबून बंद करायचे तिथंच. मेण वितळून चित्रावर पसरलं आणि वर्षांनुवर्षं पांढुरकं होत गेलं. सगळ्या नवव्यांवर असणार, कारण सगळी नववी तिथंच होती.

असलं मेण काढायला आम्ही काय वापरतो ते सांगितलं तर तुम्हाला घेरी येईल. नायलॉनचा जुना पायमोजा. धुतलेला होता. तो बोटाला गुंडाळून, जेमतेम टेकवून, गोल गोल. पाणी नाही, औषध नाही.

सुरुवात वरच्या कोपऱ्यातून केली. मेण निघालं आणि खाली काळंभोर निळं आलं. मला वाटलं, झालं, रंग खरवडला मी. हात काढला. दिव्याखाली कार्ड जरा कललं आणि त्या निळ्यात एक ठिणगी पेटली. पुन्हा कलवलं, विझली. पुन्हा, पेटली.

तारे आहेत, मामा. चंदेरी शाईचे. सरळ धरलं तर काहीच दिसत नाही, कलवलं की एकेक करून उगवतात. आधी वरचे मोठे, मग बारीक, मग एक अख्खा पट्टा, आणि मग खाली समुद्रात तेच सगळे पुन्हा, थोडे हललेले. मनोऱ्याच्या खिडकीत एक बाई आहे. केसाएवढी. तिची मान वर आहे.

मी पुसता पुसता थांबले होते हे माझ्या लक्षातच आलं नाही. शेजारच्या टेबलावरची विचारत होती, बरं वाटत नाही का म्हणून.

तुमची,
ठमी

---

५ एप्रिल

ठमे,

पायमोजा. माझ्या बहिणीच्या कार्डाला पायमोजा.

तारेबिरे काही नाहीत. ते कार्ड तुझ्या आईच्या आजारपणात कोणाच्या हाती गेलं होतं, आठव. घर आवरायला आलेल्यांत तो इस्त्रीवालाही दोनदा चहा पिऊन गेला होता, मला ठाऊक आहे. चंदेरी रंगाची बाटली आणि एक बारीक कुंचला, एवढ्यावर तो आकाश उभं करू शकतो. वर मेण फासून द्यायचं, आणि एखाद्या हळव्या पोरीनं ते काढून डोळे पुसायचे.

मी तुला दोष देत नाही. तू फसलीस. पण ठराव मी मांडतोय आणि शिक्का माझ्या टेबलाच्या खणात आहे. स्वतःच्या भाचीसाठी अपवाद केला तर उद्या त्या सभेत मी कोणत्या तोंडानं उभा राहू? नववं आणलंस तर पहिला शिक्का त्याच्यावर पडेल, माझ्या हातानं. भिंतीवर तेवीसच लागतील.

मामा

---

२० एप्रिल

ती. मामांस सा. न.

सोबत नववं पाठवते आहे. दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये, रजिस्टर टपालानं.

वाद घालत नाही. टेबलावरचा दिवा लावा आणि कार्ड कलवा. मग शिक्का मारायचा असेल तर मारा.

फक्त एक शंका राहते. पाठीवर लाल शाई ओतणं हा फेरफार नाही का?

ठमी

---

११ मे

चि. ठमीस,

पुडकं आलं त्या दिवशी मी ते उघडलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग रागानं उघडलं, खोटेपणा पकडायला. चाळीस वर्षं चुका शोधून पोट भरलंय मी, एका कुंचल्याला काय घाबरायचं.

कुंचल्याचा एक तरी फराटा सापडावा म्हणून कार्ड दिव्याखाली धरलं, आणि कलवलं.

बाळ, मी पुष्कळ वाचलंय. आकाशावर माणसांनी जे जे लिहून ठेवलंय त्यातलं बरंचसं मला तोंडपाठ आहे, आणि सभेत मी ते वापरतो. त्यातलं एकही वाक्य मला आठवलं नाही. मी खुर्चीत बसलो होतो, हातात पुठ्ठ्याचा एक तुकडा होता, आणि त्यात तारे उगवत होते. मी मनगट फिरवलं की उगवायचे. म्हणजे इतकी वर्षं ते कोणीतरी मनगट फिरवायची वाट बघत होते.

मग भानावर आलो आणि चष्मेवाल्यांकडे गेलो. त्यांच्याकडेही नववं आहे, धुक्यासकट. त्यांचं मोठं भिंग मागितलं. त्यांनी आधी स्वतःचं कार्ड आत नेऊन ठेवलं, मग भिंग दिलं. "तुमच्या घराण्यात पुसायची साथ आलीय असं ऐकलं," म्हणाले. मी गप्प बसलो. मी गप्प बसलो म्हटल्यावर ते घाबरले आणि शेजारी येऊन बसले.

भिंगाखाली ताऱ्यांच्या कडेवर मनोऱ्याची रेष चढलेली आहे. म्हणजे आधी चंदेरी छापली, तिच्यावर काळी. इस्त्रीवाला कितीही हुशार असला तरी छापलेल्या रेषेखाली शिरू शकत नाही. तारे मूळचे आहेत. पाठही बरोबर आहे. चुकलो होतो तो फक्त मी, सोळा पानं.

पण खरी गोष्ट पुढंच आहे. घरी येऊन मी माझी तेवीस काढली. तुला आठवतं, चौथ्यावर आणि सतराव्यावर संध्याकाळच्या आकाशात काळे ठिपके आहेत? आपण त्यांना पक्षी म्हणतो. ताई लहानपणी ते मोजायची. मी भिंग लावलं. त्यांना पंख नाहीत, ठमे. नवव्यावरच्या ताऱ्यांचाच तो आकार, तीच टोकं. ते पक्षी नाहीत. ते तारेच आहेत, काळे पडलेले. त्या दोन कार्डांवर ताऱ्यांचं आकाश होतं आणि ते माझ्याच घरात, माझ्याच कपाटात विझलं, मला पत्ता न लागता.

तू काही बदललं नाहीस. जे होतं त्याच्यावरचं झाकण काढलंस. हा फेरफार नाही, हे मी कोणत्याही सभेत छातीवर हात ठेवून सांगेन.

तुझा,
मामा

---

१७ मे

ती. मामांस सा. न.

तुमचं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. तुम्ही माझी बाजू घेतलीत, आणि मला ती सोडावी लागतेय. रागावू नका.

तुमच्या पक्ष्यांमुळे मला झोप लागेना. चंदेरी शाई उघड्या हवेत काळी पडते, हे मी पोटासाठी शिकलेय आणि तरी विसरले. तुमच्या त्या दोन कार्डांवरचे तारे विझले आणि नवव्यावरचे राहिले, ते कशामुळे? मेणामुळे. त्या घाणीनंच ते जपले होते. आणि मी ती काढली. आता नववंही हवेत आहे. आज नाही, उद्या नाही, पण हे तारेही काळे पडायला लागतील. सोबत नवं पाकीट पाठवतेय, त्यात दूषित हवा शोषणारा कागद घातलाय, कार्ड त्यातच ठेवा. त्यानं सावकाश होईल. थांबणार नाही.

आणि दुसरं. आईला ते धुकंच माहीत होतं. शेवटच्या महिन्यांत ती कार्ड उशीवर टेकवून ठेवायची. मी एकदा विचारलं, काय बघतेस एवढं त्यात, काहीच तर दिसत नाही. म्हणाली, "म्हणूनच बघतेय गं. दिसलं असतं तर एकदा बघून ठेवून दिलं असतं." ते धुकं छापखान्याचं नव्हतं हे खरं, पण आईचं होतं. मी ते पायमोज्यात गोळा करून टोपलीत टाकलं. परत बसवता येणार नाही.

तेव्हा मामा, हा फेरफारच आहे. तारे दिसले म्हणून तो फेरफार नव्हता असं होत नाही. चष्मेवाल्यांना सांगा, त्यांचं नववं पुसू नका. त्याच्या आत आकाश ताजं आहे, ते तसंच राहू द्या.

ठरावाप्रमाणे शिक्का मारा. मला वाईट वाटणार नाही.

तुमची,
ठमी

---

परिपत्रक, सर्व सभासदांसाठी
२५ मे

मित्रांनो,

मार्चमध्ये मी तुम्हाला सांगितलं की आपण फसवले गेलो आहोत. ते खरं होतं. पण कोणी फसवलं, ते मी अर्धवट सांगितलं. आपण उभी हयात मेणाला चित्र म्हणत आलो, मेण सलग आहे की नाही यावरून भांडलो, आणि कार्डाच्या पाठीवर स्वच्छ छापलेल्या वाक्याला चूक ठरवलं. त्यावर लेख लिहिणारा मी. म्हणजे घाणीला मूळ मानणारा आणि मुळाला घाण मानणारा तुमचा अध्यक्ष आहे.

माझ्या भाचीनं नववं कार्ड पुसलं. ते आता माझ्याकडे आहे. त्यात काय निघालं ते मी इथं लिहिणार नाही, कारण मला ते लिहिता येत नाही, आणि हे कबूल करण्याची वेळ माझ्यावर प्रथमच आली आहे.

तिचा माझा वाद झाला. मी म्हणालो, हा फेरफार नाही. ती म्हणाली, आहे. ती बरोबर आहे. पुसणं म्हणजे बदलणंच. ज्या क्षणी मेण निघालं त्या क्षणी ते कार्ड वेगळं झालं आणि वेगळ्या तऱ्हेनं म्हातारं व्हायला लागलं. पण मग माझा ठराव काय करतो? तो त्या पाठीवर, जी पाठ शंभर टक्के खरी बोलत होती, तिच्यावर लाल शाई ओततो. तो इस्त्रीवाल्याच्या पात्याला आणि एका मुलीच्या जपून फिरलेल्या बोटाला एकच शब्द लावतो. पात्यानं कार्डाचं अंग कापलं, आणि ते लपवलं. बोटानं परकं ते उचललं, आणि काय गमावलं तेही स्वतः होऊन सांगितलं. या दोघांना एका शिक्क्यात बसवणारा नियम हा नियम नव्हे, तो आळस आहे. आणि तो आळस मी तत्त्व म्हणून तुमच्यापुढे ठेवला.

इस्त्रीवाल्याला मी सोडलेला नाही. कापणं, रंगवणं आणि लपवणं यांच्याविरुद्ध वेगळा ठराव आणीन, आणि तेव्हा माझा आवाज तुम्हाला रस्त्यापर्यंत ऐकू येईल. पण पुसण्याबद्दल यापुढे आपण एवढंच करावं: कार्डाशेजारी चिठ्ठी लावावी, कोणी पुसलं, कशानं पुसलं, काय गेलं. भाचीनं तिची चिठ्ठी लिहून दिली आहे. तिच्या शेवटच्या ओळीत लिहिलं आहे: "यावर माझ्या आईचं धुकं होतं." मला ती ओळ खोडता आली नाही, आणि मी आयुष्यभर खोडण्याचंच काम केलं आहे.

एक अडचण आहे. आपल्या नियमाप्रमाणे एकदा नोटीस गेलेला ठराव मांडणाऱ्याला मागे घेता येत नाही. तो मतालाच जावा लागतो. मंजूर झाला तर अध्यक्ष म्हणून त्याच सकाळी तो शिक्का मला त्या कार्डावर मारावा लागेल, आणि मी मारीन, कारण सभेचा निर्णय मी आजवर मोडलेला नाही. शाई कागदात उतरेल. त्यात जे निघालं ते पुढं हवेनं हळूहळू काळं पडेल, पण त्या सकाळचं काम माझ्या हातचं असेल.

म्हणून घरी बसू नका. रविवारी सकाळी या, मी ठराव वाचून दाखवीन, आणि "विरोधात" असं मी म्हणताच तुमचा हात वर करा. माझा ठराव पाडा.

आपला,
अध्यक्ष